परतबघ्यांच्या बारा चिंध्या

परतबघ्यांचं खरं आडनाव विमानशाळेच्या हजेरीपटात होतं आणि ते तिथेच पडून राहिलं. बावीस वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नाही. मारणार तरी कशी? हा माणूस नट आवळायचा, हात पुसायचा, चार पावलं जायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "एकदा परत बघतो." संध्याकाळी घरी निघालेले परतबघे अर्ध्या रस्त्यातून सायकल वळवून येताना दिसले, की हँगरचा पहारेकरी काही न विचारता कुलूप काढायचा. अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार, सांगा!

घरी तरी काय वेगळं होतं? गॅस बंद आहे का, नळ बंद आहे का, दाराला कडी आहे का, सगळं तीनतीनदा. बायको शिवणकाम करायची. मशीनवर मान खाली घालून ती गिऱ्हाइकांना सांगायची, "लग्न ठरायच्या आधी हे मला भेटायला तीनदा आले. तिसऱ्यांदा माझे वडील म्हणाले, जावईबापू, आता पाना घेऊनच या, काय आवळायचं राहिलं असेल ते आवळून टाका." परतबघे आतल्या खोलीतून ऐकायचे आणि हसायचे. बायकोचं बोलणं अंगाला लावून घेणाऱ्यातले ते नव्हतेच.

विमानशाळा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एक धावपट्टी, एक हँगर, टॉवर म्हणायचं अशी एक दुमजली खोली, चार लहान विमानं आणि उडायला शिकायला आलेली पंधरा-वीस मुलंमुली. त्या चार विमानांची दुरुस्ती परतबघ्यांच्या हातात होती आणि त्यांची एक पद्धत होती. कुठलाही नट सैल केला, कुठलं झाकण उघडलं, कुठे ग्रीस द्यायचं राहिलं, की तिथे ते लाल कापडाची वीतभर चिंधी बांधायचे. काम पुरं झालं की चिंधी सोडायची आणि खिशातल्या पत्र्याच्या चपट्या डबीत टाकायची. डबीत बारा चिंध्या आल्या की विमान तयार. बारा म्हणजे बारा. अकरा आल्या तर विमान जागचं हलायचं नाही, मग शाळेचा मालक येऊन उभा राहिला तरी बेहत्तर.

चिंध्या बायकोच शिवून द्यायची, सुतं सुटून यंत्रात जाऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी काठ मारून. दोन वर्षांपूर्वी त्यातली एक हरवली होती. परतबघ्यांनी दोन नंबरचं विमान तीन दिवस खोलून ठेवलं. खुर्च्या काढल्या, फळ्या काढल्या, पंखांच्या आत आरसा घालून बघितलं. चिंधी नाहीच! विमानात ती नाही याची खात्री झाली तेव्हा कुठे विमान सुटलं. उरलेल्या अकरा त्यांनी टाकून दिल्या आणि बायकोला म्हणाले, "नव्या बारा दे. अकरा जुन्या नि एक नवी असा संसार मला चालायचा नाही." तिच्याकडचा पांढरा दोरा संपला होता, म्हणून नव्या चिंध्यांना तिने पिवळ्या दोऱ्याचा काठ मारला.

आता इतका काटेकोर माणूस, पण बावीस वर्षांत एकदाही विमानात बसून वर गेला नव्हता. एकदाही नाही!

आणि गंमत म्हणजे हँगरच्या दारावर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'ज्याचा हात, त्याची पहिली फेरी.' शाळेचा हा जुना नियम. विमानाची मोठी दुरुस्ती झाली की ज्याने ती केली त्याने पहिल्या फेरीला स्वतः विमानात बसायचं. म्हणजे कामात कुणी हयगय करत नाही. फेरी झाली की दाराशेजारच्या वहीत सही करायची. त्या वहीत परतबघ्यांच्या प्रत्येक दुरुस्तीपुढे सही होती ती हँगरमधल्या वेल्डरची. वेल्डरला वर जायची हौस आणि परतबघ्यांना धास्ती, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. दुरुस्ती झाली, की परतबघ्यांचा कधी गुडघा दुखायचा, कधी कान. दाताचं कारण तर त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की तितके दात खरंच काढले असते तर तोंडात चौसष्ट लागले असते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण माणूस कामाला सोन्यासारखा, म्हणून कुणी खोलात शिरत नव्हतं.

खोलात शिरली ती त्यांची स्वतःची लेक.

लेक याच शाळेत उडायला शिकली आणि शिकता शिकता इथेच शिकवायला लागली. ज्या दिवशी तिला शिकवण्याचं लायसन मिळालं, त्या दिवशी तिने आईला वर नेलं. आई खाली उतरली ती गल्लीभर सांगत सुटली, की वरून आपलं छप्पर दिसतं आणि शेजारणीच्या छपरावरची फुटकी टाकीसुद्धा दिसते. "आता बाबा," लेक म्हणाली. बाबांचा कान दुखायला लागला. पुढच्या महिन्यात गुडघा. त्याच्या पुढच्या महिन्यात लेकीने रात्रीच्या जेवणाला बसल्यावर घास खाली ठेवला आणि सरळ विचारलं.

"बाबा, एकच सांगा. तुमचा भरवसा विमानावर नाही, की माझ्यावर?"

परतबघ्यांनी ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे."

झालं! लेक उठून गेली. बायकोने डोक्याला हात लावला. "अहो, काय माणूस आहात! पोटच्या पोरीने मन मोकळं केलं आणि तुम्हाला मीठ आठवलं?"

त्याला आठ महिने झाले. घरात भांडण असं काही नव्हतं. पण लेक आता हँगरमध्ये त्यांना "बाबा" म्हणायची नाही, बाकीच्यांसारखं "परतबघे" म्हणायची. "परतबघे, दोन नंबर तयार आहे का?" एवढंच. कामापुरतं काम. ती हाक कानावर आली की परतबघे आवळलेलाच नट परत आवळायला घ्यायचे. पण बोलायचं कसं? जे बोलायचं होतं ते त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

आणि मग चार नंबरच्या चाकांचं काम निघालं.

बाकी तिन्ही विमानांची चाकं कायम बाहेर असायची. चार नंबरची मात्र उडाल्यावर पोटात जायची आणि उतरताना परत बाहेर यायची. पुढच्या चाकाच्या पायातून तेल गळत होतं. परतबघ्यांनी विमान जॅकवर घेतलं, पाय खोलला, वायसर बदलला, परत बसवला. मग विमान जॅकवर असतानाच चाकं दहा वेळा वर-खाली करून बघितली. दहाही वेळा समोरच्या पट्टीवर तीन हिरवे दिवे लागले. एकेका चाकाचा एक दिवा. चाक खाली येऊन आकड्यात, म्हणजे लोखंडी हुकात, पक्कं अडकलं, की तो लागतो. संध्याकाळी चिंध्या मोजल्या. बारा. परत मोजल्या. बारा. तिसऱ्यांदाही बारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई दारात उभ्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य शिक्षिका. साठीच्या, काटक आणि आवाज असा की धावपट्टीच्या त्या टोकाला ऐकू जावा.

"परतबघे, पहिली फेरी."

"बाई, वेल्डर..."

"वेल्डरच्या मुलीला मुलगा झालाय. तो पंधरा दिवस रजेवर आहे."

"बाई, दात..."

"आ करा."

परतबघ्यांनी तोंड मिटून घेतलं.

"चालवणार कोण?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. बाईंनी नुसतं बोट दाखवलं. लेक हातात कागद घेऊन चार नंबरकडे चालली होती.

परतबघ्यांनी विमानाला चार चकरा मारल्या. खाली वाकले, चाकांशी बसले, हात फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, काय बारकाईने बघतोय! पण धास्तावलेल्या माणसाला चाक काय आणि चूल काय. डोळे उघडे होते एवढंच.

आत बसल्यावर त्यांनी पट्टा आवळला, सोडला, परत आवळला.

"परतबघे, झालं का?" लेक म्हणाली.

"हं."

विमान धावलं आणि उचललं गेलं. परतबघ्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. खालून चाकं पोटात गेल्याचा खडखडाट आला. तो आवाज ते ओळखायचे, त्यामुळे जरा धीर आला आणि त्यांनी एक डोळा उघडला. खाली हँगर काडेपेटीएवढा दिसत होता आणि त्याच्या दारात एक ठिपका. मोठ्या बाई असणार. परतबघ्यांनी डोळा परत मिटला.

"एक चक्कर मारून उतरू," लेक म्हणाली. चक्कर झाली. तिने चाकांचा दांडा खाली केला. पंपाची घरघर झाली आणि थांबली.

दिवे लागले दोन.

परतबघ्यांचे दोन्ही डोळे आपोआप उघडले. भीती कुठे गेली कोण जाणे, समोर यंत्र होतं आणि यंत्राचं काहीतरी बिनसलं होतं. "दिवा गेला असेल," ते म्हणाले. "शेजारचा काढून तिथे लाव." लेकीने लावला. शेजारचा चांगला दिवाही तिथे लागेना. चाकं आपल्या वजनाने खाली सोडायचा लाल खटका असतो, तोही तिने ओढून बघितला. विमान डावी-उजवीकडे हलवलं, वेग कमी केला. पुढच्या चाकाचा दिवा काही लागला नाही.

लेकीने टॉवरला कळवलं आणि विमान टॉवरच्या समोरून खालून नेलं. टॉवरवाल्याने दुर्बीण लावून बघितलं. "तिन्ही चाकं खाली दिसतायत," तो म्हणाला. "पुढचंही सरळ आहे. पण पक्कं अडकलंय का ते इथून कळत नाही."

म्हणजे पाय खाली होता, पण आकड्यात बसला नव्हता. तसंच उतरलं तर नाकाचा भार येताच पाय दुमडणार, पंखा फिरता फिरता जमिनीवर आपटणार आणि मग विमान कुठे जाईल, कसं उलटेल, काही सांगता येत नाही. दोघांनाही हे माहीत होतं. लेकीचा चेहरा शांत होता, पण सुकाणूच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती.

"बाबा," ती म्हणाली.

आठ महिन्यांनी म्हणाली. परतबघ्यांना गलबलून आलं. पण रडायला सवड कुणाला होती?

"थांब," ते म्हणाले आणि खिशातून डबी काढली. सवयच ती! काही चुकलं की चिंध्या मोजायच्या. मांडीवर एकेक काढून ठेवली. बारा. त्यांनी एकदा परत बघितलं. बारा होत्या, पण काल संध्याकाळी मोजल्या होत्या हँगरच्या अंधुक उजेडात, आणि इथे खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. अकरा चिंध्यांना पिवळा काठ होता. बारावीचा काठ पांढरा होता.

"ही माझी नव्हे," परतबघे ओरडले. "म्हणजे माझीच, पण ही जुनी! हरवलेली! ही डबीत आली कुठून?"

लेकीने मान वळवून बघितलं आणि तिचा रंग उडाला. "मी टाकली, बाबा. काल संध्याकाळी. अवजारांच्या कपाटामागे झाडू गेला तेव्हा निघाली. तुमची डबी टेबलावर उघडी होती, म्हणून आत टाकली."

"मग सांगितलं नाहीस?"

लेकीने नजर परत समोर वळवली. सांगणार कसं? आठ महिने कामापलीकडे बोलायचं नव्हतं ना! दोन वर्षांपूर्वी जिच्यासाठी घर नि हँगर डोक्यावर घेतलं होतं, ती चिंधी मुकाट्याने डबीत जाऊन पडली होती.

परतबघ्यांच्या डोक्यात मात्र आता लख्ख उजेड पडला. काल जॅकवरची परीक्षा झाल्यावर पुढच्या आकड्याला शेवटचा ग्रीसचा हात द्यायचा राहिला होता. तिथे चिंधी बांधली. ग्रीस दिलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला, येताना निळा दोरा आणा म्हणून. फोन ठेवून आले ते थेट डबीकडे. मोजल्या तर बारा! बारा म्हटल्यावर चिंधी मागे राहील कशी?

"मोजल्या गं मी," ते म्हणाले. "तीनदा मोजल्या. पण बघितल्या नाहीत. ती चिंधी आकड्यात आहे. चाक वर जाताना आकडा उघडला तेव्हा ती आत ओढली गेली. त्यात कापड आलंय, म्हणून तो मिटत नाही."

"चाकं एकदा वर घेऊन खाली केली तर निघेल?"

"नको! अजिबात नको. आत्ता पाय निदान खाली आलाय. वर घेतलास आणि कापड आणखी गुंतलं, तर येणारही नाही."

लेकीने एक मोठा श्वास घेतला. "मग अशीच उतरवते. आधी मागची दोन चाकं टेकवायची, टेकली की इंजिन बंद. नाक जितका वेळ वर धरता येईल तितका धरते. मागे वजन हवं, म्हणजे नाक हलकं राहील." मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "बाबा, तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"खरं सांगा."

"ब्याण्णव."

"मागे जा."

परतबघ्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. मग पट्ट्याकडे बघितलं. बावीस वर्षं जो माणूस विमानात पाऊल टाकायला तयार नव्हता, त्याने आता वर, हवेत, पट्टा सोडून दोन सीटच्या फटीतून मागे सरपटायचं! पोट अडकलं. बूट कुठेतरी लागला आणि लेक ओरडली, "दांड्याला नको!" शेवटी धपकन मागच्या सीटवर पडले ते दोन्ही पाय वर करूनच. बायको जन्मभर ज्या पोटावरून बोलली, ते पोट आज कामाला येणार होतं. त्यांनी मागचा पट्टा आवळला आणि सीटच्या मागे जितकं रेलता येईल तितकं रेलले.

"बाबा, घाबरलात?"

"हो," परतबघे म्हणाले. "पण तुझ्यामुळे नाही. तू उतरव."

टॉवरवाल्याने धावपट्टी मोकळी केली. आगीचा बंब कडेला येऊन उभा राहिला. मोठ्या बाई रेडिओवर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "घाई नाही पोरी. धावपट्टी कुठे पळून जात नाही."

जमीन वर येत गेली. परतबघ्यांनी ठरवलं, डोळे मिटायचे नाहीत. लेकीचं डोकं समोर होतं, ताठ, कानामागे एक बट सुटलेली. लहानपणी सायकल शिकताना ही अशीच दिसायची. मागची चाकं टेकली, इतकी हळू की टेकली हे त्यांना आवाजावरून कळलं. इंजिन बंद झालं. पंख्याचा सूर उतरत गेला आणि थांबला. विमान नाक वर करून धावत राहिलं, धावत राहिलं, वेग उतरला आणि लेकीने दांडा पोटाशी ओढून धरलेला असतानाच नाक हळूहळू खाली आलं. पुढचं चाक टेकलं. कुरकुरलं. पण दुमडलं नाही.

विमान थांबलं. मग बाहेरून मोठ्या बाईंचा आवाज आला, रेडिओशिवायच.

"परतबघे! जागचे हलू नका!"

आता ऐका मजा. पाय उभा होता खरा, पण कशाच्या जिवावर? परतबघ्यांच्या ब्याण्णव किलोंच्या. ते मागे होते म्हणून नाकावर भार कमी होता. ते पुढे सरकले, की पाय गेला आणि विमानाचं नाक जमिनीवर. हँगरमधून जॅक येईपर्यंत, तो नाकाखाली लागेपर्यंत त्यांनी तसंच बसायचं होतं. ज्या माणसाला विमानात बसवायला शाळेची बावीस वर्षं गेली, त्याला आता उतरू देईनात!

लेक अलगद बाहेर पडली आणि पंखावर बसली, उघड्या दारापाशी. आतल्या बाजूला मांडीवर हात ठेवून परतबघे मूर्तीसारखे स्तब्ध.

"बाबा."

"काय?"

"आता तुम्हाला उठून कुठे जाता येणार नाही."

"नाही."

"आणि इथे भाजीही नाही."

परतबघ्यांना हसू आलं. पण हसलं की पोट हलतं, म्हणून ते दाबलं.

"मग सांगा. भरवसा विमानावर नव्हता, की माझ्यावर?"

बंबावरची माणसं शेपटीशी उभी राहून तिला खाली दाबत होती, त्यांचं काहीबाही बोलणं ऐकू येत होतं.

"विमानावर आहे," परतबघे म्हणाले. "तुझ्यावर तर आहेच आहे. तू पहिल्यांदा एकटी उडालीस तेव्हा सगळे म्हणत होते, पोरगी नीट उतरवेल ना? मला शंकाच नव्हती. माझा भरवसा नाही तो माझ्या हातावर, बाळा. लोकांना वाटतं, मी काटेकोर आहे. मी भित्रा आहे. खाली असलो की परत जाऊन बघता येतं. वर गेलं की परत बघता येत नाही. तू उडतेस तेव्हा मी खाली उभा राहून त्या विमानाचा एकेक नट आठवतो. तू उतरेपर्यंत आठवतो. मीच आत बसलो, तर आठवायला खाली कोण राहील?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"आणि मला वाटायचं, तुम्ही दारात उभे राहता ते माझ्या चुका काढायला." तिने बाहीने डोळे पुसले. "आठ महिने, बाबा! एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं?"

"लाज वाटली गं. आज तर खरंच चुकलं."

"आज तुम्ही इथे आत होतात म्हणून कळलं, काय चुकलंय ते. खाली असता तर मला कोण सांगणार होतं आकड्यात काय आहे?"

परतबघ्यांनी यावर कधी विचारच केला नव्हता. ते विचार करत असतानाच जॅक आला.

पाय टेकूवर घेतला, तेव्हा आकड्याच्या बेचक्यातून काळीमिट्ट, चावून चोथा झालेली चिंधी निघाली. एका कोपऱ्याला अजून पिवळा दोरा दिसत होता. मोठ्या बाईंनी ती चिमटीत धरली.

"चूक माझी," परतबघे म्हणाले. "राहिली ती मी राहू दिली."

"नाही बाई, माझी," लेक म्हणाली. "मी डबीत टाकली नसती तर अकरा आल्या असत्या."

"तू मध्ये बोलू नकोस. सकाळी विमान मी बघितलं होतं."

"आणि मी नव्हतं बघितलं? चालवणाऱ्यानेही बघायचं असतं!"

"पुरे!" मोठ्या बाई म्हणाल्या. "चूक दोघांची. दोघांचंही नाव लिहिणार आणि अहवाल वरच्या कचेरीत पाठवणार. तुमच्या घरात अबोला आणि त्यापायी माझं विमान नाकावर पडता पडता वाचलं! यापुढे भांडायचं असेल तर बोलून भांडा. परतबघे, वही घ्या, सही करा. पहिली फेरी झालीय तुमची."

त्यांनी सही केली. वेल्डरच्या सह्यांच्या रांगेत ती एकटीच वेगळी दिसत होती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. आधी दोघांना जवळ घेऊन रडली, मग दोघांना मनसोक्त झापलं आणि मग विचारलं, "निळा दोरा आणलात का?" परतबघे कालपासून तो विसरलेच होते. त्या आठवड्यात तिने जुन्या सगळ्या चिंध्या टाकून दिल्या आणि नव्या बारा शिवल्या. या वेळी प्रत्येकीवर आकडा भरला, एकपासून बारापर्यंत, बोटभर मोठा. "आता मोजू नका, वाचा," ती म्हणाली.

पाच दिवसांनी चार नंबर तयार झालं. चाकाचा नवा आकडा परतबघ्यांनीच बसवला होता, तेव्हा पहिली फेरी कुणाची हे विचारायची सोय नव्हती. मोठ्या बाई दारात आल्या, बघतात तो परतबघे विमानाशी आधीच उभे. गुडघा ठीक होता, दात जागच्या जागी होते. चेहरा मात्र पांढरा होता, ते काही लपत नव्हतं.

लेक कागद घेऊन आली. "झालं सगळं, बाबा?"

परतबघ्यांनी खिशातून डबी काढली. बावीस वर्षांत ती डबी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती, वेल्डरच्या नाही, मोठ्या बाईंच्याही नाही. त्यांनी ती लेकीपुढे धरली.

"तू मोज," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. मग पंखावर एकेक चिंधी मांडली, आकडे मोठ्याने वाचत, एकपासून बारापर्यंत. मग पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसली, आकड्यात बोट घालून बघितलं आणि उठली.

"बारा," ती म्हणाली. "आणि आकडा रिकामा आहे."

सगळे थांबले. आता हा म्हणणार, एकदा परत बघतो. मोठ्या बाईंनी तर घड्याळच बघितलं.

परतबघ्यांनी डबी मिटून खिशात टाकली, पंखावर पाय ठेवला आणि आत जाऊन बसले.